मला शिकवू नकोस

ता. ४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आमच्या बिट्टीने शाळेत पहिल्याच दिवशी दिवे लावले. बाई लाडाने म्हणाल्या, आज मी तुम्हाला शिकवणार. झालं! ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, मला शिकवू नका. आणि जी पायरीवर जाऊन बसली ती शाळा सुटेपर्यंत. रोज तेच चाललंय. महिनाअखेर पोर वर्गात बसली नाही, तर मुख्याध्यापिका नाव काढणार आहेत. माझी तर झोपच उडाली.

तिला जवळ घेऊन विचारलं, शिकवणं म्हणजे काय गं? म्हणाली, ते भांडणात असतं. तू गॅस बारीक कर म्हणालास की आई म्हणते, मला शिकवू नकोस. आजोबा म्हणतात, दूधवाल्याला चांगला धडा शिकवतो. आणि शिकणं? शेजारच्या ताईकडून काहीतरी शिक म्हणतात, मग रडू येतं, ते.

तू जन्मभर शाळा चालवलीस. बिट्टीला चार ओळी लिही. फक्त जरा प्रेमाने, एवढंच सुचवतो.

तुझा,
भाऊ

ता. ९

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मुलांशी प्रेमाने कसं बोलावं ते तू मला शिकवू नकोस. तुझं नाक मी पुसलंय. असली भाषा आपल्या घरात कुणी कधी बोललं नाही, तुझ्या बायकोच्या माहेरची असेल. सोबत शिक्षणाच्या महत्त्वावर चार पानं पाठवतेय, पोरीला मोठ्याने वाचून दाखव.

सगळ्यांना जपून राहायला सांग.
अक्का

ता. ३०

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

चुकून तुझं पत्रच आधी वाचलं. पहिल्या ओळीलाच बिट्टी टाळ्या पिटत म्हणाली, आत्यालापण येतं! तुझ्या चार पानांवर मात्र छान झोपली.

आज जड पायांनी नाव काढायला गेलो. पायरीवर बिट्टी नाही! आत डोकावलो, तर बाई ओठांचा चंबू करून नुसत्या फुंकतायत आणि समोर बिट्टी. पायरीवर बसून ही शिट्टी वाजवायची. बाई म्हणाल्या म्हणे, मला नाही येत, शिकवतेस? बाई चुकल्या की बिट्टी म्हणते, असू दे, परत करा. कुणाला रडू येत नाही. आता तीही बाईंकडून अक्षरं शिकते. नाव राहिलं गं, अक्का!

घरी आल्यावर माझा हात ओढून म्हणाली, बाबा, चल, तुला शिकवते. मी दमलेला. तोंडून काय निघालं ते तुला ठाऊकच आहे, आपल्याच घरातलं वाक्य. तिने शांतपणे दाराकडे बोट दाखवलं.

आत मायलेकी शिट्ट्या वाजवतायत. हे पत्र मी पायरीवर बसून लिहितोय.

लोभ आहेच. कधी आलीस तर शेजारी जागा ठेवलीय.

तुझा,
भाऊ