घरात नाव न काढायचे शब्द

१२ सप्टेंबर, मंगळवार
झोप नाही झाली. हे काल पाटलाच्या वावरात फवारणी करून आले तवापासून ओकून राह्यले. डोये लाल. कपाशीची पऱ्हाटी यंदा डोक्याच्या वर गेली, पंप मारला का सारं तोंडावर येते.
सोनूले शाळेतल्या मॅडमनं सांगतलं, घरातले दहा शब्द लिहून आणा, काहून तसे म्हणतात ते विचारा. तिसरीत हाये. वही तिचीच. मागून मी लिहून राह्यली.

१३, बुधवार
सासूनं सोनूले सांगतलं. सापाले साप नाही म्हणत, जनावर. नाव घेतलं का येते. बांगडी फुटली नाही, वाढली. निघतानी जातो नाही म्हणाचं, येतो.
सोनू म्हणे, "आजी, मंग खरं कोणीच नाही बोलत?"
"म्हणून तं घर चालून राह्यलं. लिही गुपचूप."
हे हासले. मंग पुन्हा ओकले.
दुपारी गावातल्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं विचारलं काय झालं. सासू म्हणे, डोये आले, पित्त हाये. मी बाजूले, छोटा कडेवर. बोलली नाही. डोयात टाकाले थेंब देले, पित्ताच्या गोळ्या.
रस्त्यानं सासूले म्हटलं, मामीजी, फवारणीचं इख लागलं, सांगा ना.
"इखाचं नाव काढू नको. प्याला म्हणतीन. पोलीस येतीन. वरच्या आळीत काय झालं, पाह्यलं ना?"
पाह्यलं. त्या बाईचा नवरा इख प्याला, तं दारात चार दिवस फोटोवाले उभे होते. पण हे प्याले नाही ना. मी तिथं बोलाले पाह्यजे होतं.

१४, गुरुवार
"सोनू कुठी गेली?" हे विचारून राह्यले. सोनू समोरच भाकर खाऊन राह्यली होती.
हात कापते. तोंडातून लाळ. डोयातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला.
सासू म्हणे बाहेरचं लागलं, उद्या दुपारी भगताकडे नेऊ. मोबाईल तिच्या पेटीत, कुलूप लावून. माहेरी कळवाचं नाही म्हणे.
सोनूचे नऊ शब्द झाले. दहावा तू सांग म्हणे. मी सांगतलं, लिही, इख. काय असते, आई? पंपातून अंगावर पडते, नाकातून आत जाते. कुठून आलं? पाटलाच्या कोठ्यातून. लिहलं तिनं. सासूले वाचता येत नाही.

१५, शुक्रवार, सकाळ
वही आज मॅडमकडे जाईन. मॅडम असो का कोणी, हे पान ज्यानं वाचलं त्यानं माह्या भावाले फोन करा. दिग्रसले राह्यते, त्याची गाडी हाये. नंबर पुठ्ठ्याच्या आतून लिहला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्याचं हाये.
ह्यायचं नाव मी कधी घेतलं नाही. लिहून देते. सुभाष.
भावाले डोये आले म्हणू नका. पित्त म्हणू नका. इख म्हणा. प्याले नाही, फवारलं, हेही सांगा.
दुपारच्या आत करा.