आईची मांडणी

प्रिय चिमणे,

तुझ्या आईचा कॉम्प्युटर मी बंद पाडला, हे आधीच सांगून टाकतो. विंडोजऐवजी ती वापरायची ते तिचं लाडकं लिनक्स अपडेट होत होतं. पडद्यावरची पुढे सरकणारी पट्टी एका जागी अडकल्यासारखी वाटली आणि घराबाहेर पडताना मी सवयीने मेन स्विच खाली केला. गॅस, नळ, मेन स्विच, ही आपल्या घराची त्रिसूत्री तुला पाठ आहेच. परत येऊन चालू करतो तर नुसता काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारलेलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ती गेल्यापासून मी रोज सकाळी तिच्याच नावाने ते यंत्र उघडतो गं. काम काही नसतं, नुसता बसतो.

तिला हे सगळं शिकवणारी दुरुस्तीवाली परगावी होती. बिचारीने फोनवरून एकेक अक्षर सांगितलं, मी एका बोटाने टाइप केलं. मोकळी जागा सोडायची तिथे मी हमखास विसरायचो. अखेर अर्धवट अपडेट पुरं झालं, डेस्कटॉप नव्याने बसवला. तरी आईचा पासवर्ड टाकला की क्षणभर उजेड, आणि पुन्हा पासवर्डची मागणी. दुरुस्तीवाली म्हणाली की काका, काकूंच्या फायली सुखरूप आहेत, बिघडली आहे ती पडद्याच्या मांडणीची फाइल. तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, पडदा पहिल्यासारखा कोरा उघडेल. मी फोन ठेवून दिला. मला कोरा पडदा नको होता.

त्या मांडणीत काय होतं ते तुला ठाऊक नाही. उजवा हात चालेना तेव्हा तिने माउस डावीकडे घेतला, सगळी चित्रंही डाव्या कडेला ओढली. मग नजर मंदावत गेली तशी अक्षरं वाढवत गेली. शेवटी पडद्यावर जेमतेम चार शब्द मावायचे. शेजाऱ्यांनाही वाचता येईल, असं मी चिडवलं, तर म्हणाली, तेवढीच त्यांची करमणूक. तुला फोनवर मात्र सगळं ठणठणीत. तुझी परीक्षा होईपर्यंत कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद होती.

काही दिवस यंत्राकडे फिरकलो नाही. आज दुपारी मात्र बसलो आणि त्या फायलीच्या नावापुढे ‘जुनी’ असं जोडलं. पासवर्ड टाकला. पडदा उघडला. अक्षरं बारीक, माउसचा बाण एवढासा, तिच्या दुखण्याचा कुठे मागमूस नाही. या यंत्रावर तिने केलेली सगळी भाषांतरं जागच्या जागी होती. एक उघडलं आणि ढसाढसा रडलो.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू तिची खोली आवरायचं काढतेस आणि मी विषय बदलतो, म्हणून लिहितोय. भिंतीला धरायची दांडी, उशाकडे उंच केलेला पलंग, औषधांचा डबा, काही हलवू दिलं नाही मी. आज कळलं, त्या खोलीत मी तुझ्या आईला नाही, तिच्या आजाराला जपत बसलोय. ये तू. पलंग दोघांनी उचलू, एकट्याने माझ्याच्याने होणार नाही.

तुझाच,
वाट पाहणारा बाबा