भिजवलेली तीन अंजिरं

आप्पा, परवा सकाळी मी भिजवलेली तीन अंजिरं लेकीपुढे ठेवली आणि आईने वाटी उडवून दिली. लेक आदल्या संध्याकाळी मंचरहून एसटीने आली होती. ओठ फाटलेला, डावा कान सुजलेला, गळ्यावर नवऱ्याची बोटं उमटलेली. मी देवापुढे दिवा लावला आणि बरणीतली सुकी अंजिरं पाण्यात टाकली. तुमच्याकडून हेच शिकलो होतो.

विहिरीवरच्या अंजिराच्या झाडाचे गुण तुम्हाला तोंडपाठ होते. चामखिळीवर चीक लावून घ्यायला डिंगोरे गावची माणसं यायची. कुणाचं पोट साफ होत नसे, कुणी बाळंतीण पांढरीफटक पडलेली. तुम्ही मायेने सांगायचात, किती खायची, कधी खायची. त्याच झाडाची ओली फांदी तोडून तुम्ही आईला मारायचात. साल फुटायची, चीक जखमेत उतरायचा, ती किंचाळायची. मी गोठ्यात कान दाबून गणपतीचं नाव घ्यायचो. एकदा फांदी मोडली, तुम्ही दुसरी आणायला गेलात, आणि आई पळाली नाही, तिथेच उभी राहिली. सकाळी तुम्ही तिच्या हातावर तीन अंजिरं ठेवलीत. "खा. रक्त भरून येतं." मला ती माया वाटायची.

परवा आई फरशीवरची अंजिरं टाचेने चिरडत म्हणाली, "भरतंय की रक्त. पुढल्या माराला पुरतं. दोनदा खाऊ घालून धाडलीस तिला. तू बी तुझ्या बापाचाच."

तेवढ्यात जावई मोटारसायकलवरून आला. "मामा, जरा हात लागला. ऱ्हाऊ द्या आठ दिस. मागल्या टायमाला तुमच्या अंजिरानं लई टवटवीत झाली व्हती," म्हणून हसला.

मी त्याची मान धरून त्याला चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. नाकातून रक्त आलं तरी थांबलो नाही. लेक ओरडली, "अण्णा, त्याच्यासारखं नका करू!" तेव्हा हात सुटला.

त्याच दुपारी तिला पोलीस ठाण्यात नेलं. ती बोलत गेली, हवालदार लिहीत गेला. मग मी माझं सांगितलं. त्याला मारलं तेही, आणि दोनदा मीच तिला परत पोचवली तेही. खाली सही केली.

हे पत्र तुमच्या मागे उरलेल्या पोथीत ठेवतोय. एक मात्र तिथे लिहून दिलं नाही, आप्पा. त्याला मारताना मला बरं वाटत होतं.