तेलवाल्याचं नाक

६ जानेवारी, सोमवार

हे चित्रांचं प्रदर्शन करणार म्हणजे करणार! वाचनालयाच्या नीताताई घाबरल्या. "झिल्पाताई, हुकूमशाहीचा प्रचार, तोही मुलांसमोर? पोरं भुलली तर?" मी ताडकन म्हटलं – भुलली, तर माझा रविवारचा चित्रकलेचा वर्ग कायमचा बंद! बोलून बसले खरी. त्या वर्गाशिवाय मला आता दुसरं आहे काय? पण तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलं इतकी बावळट नसतात.

माल सगळा गर्शोमकाकांचा. महायुद्धात ते लष्करातून इटलीला गेले आणि येताना तिथल्या मुलांच्या साप्ताहिकांचा गठ्ठा घेऊन आले. फॅसिस्ट राजवटीत, ऐन लढाईत छापलेल्या चित्रकथा. एक देखणा पोरगेला शिपाई, एक कपटी यहुदी दुकानदार. दुकानदाराचं नाक पाहून हसूच आलं. अगदी आमच्या घराण्याचं!

८ जानेवारी, बुधवार

फुग्यांतले संवाद लिहायला घेतले. अर्थ मोबाईल सांगतो, मराठी माझी. मूळचा शिपाई पुस्तकी बोलतो, मेला! त्याला इथली बोली दिली – "घाबरू नका, आमी हाय ना!" लगेच जिवंत झाला.

'यहुदी' शब्द खोडला आणि दुकानदाराला केलं तेलवाला. घरचीच थट्टा. आमचे यहुदी वाडवडील कोकणात तेल गाळायचे, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक म्हणायचे शनवार तेली. बस, एवढंच. इथे आमच्या नाकावरून पिढ्यान्‌पिढ्या कोणी वाकडा शब्द बोललं नाही. मग मी कशाला भिऊ या चित्राला?

११ जानेवारी, शनिवार

दिवे लागले, शब्बाथ संपला. दिवसभर ब्रशला हात लावला नाही. हात नुसते शिवशिवत होते!

१५ जानेवारी, बुधवार

भगवान पेंटरने चित्रं मोठ्या फळ्यांवर उतरवली. झकास! प्रत्येक चित्राखाली माझा कागद – यात खोटं काय, कसं फसवतात.

भगवान बराच वेळ शिपायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, पोरं चितरं बगतात. खालचं कोन वाचतंय? आन ह्यो शिपाई तर आपल्या गावचाच वाटतोय."

याहून मोठी शाबासकी कोणती? दोन कप चहा पाजला त्याला.

१९ जानेवारी, रविवार

काय गर्दी! करंजाड्याहून लेक आली, नात ताली आली. ताली दुसरीत, पण प्रत्येक चित्रापुढे केवढी थांबत होती! शेवटी एक पेटी ठेवली होती – 'तू या गोष्टीत असतास, असतीस, तर काय केलं असतंस?' मुलांनी भराभर चिठ्ठ्या टाकल्या. मग अंगणात नुसता कल्ला – "आमी हाय ना! आमी हाय ना!" नीताताईंनी माझे दोन्ही हात धरले. "जिंकलात तुम्ही!"

जिंकलेच! पाय दुखतायत. चिठ्ठ्या उद्या सावकाश वाचीन.

२० जानेवारी, सोमवार

एकेचाळीस चिठ्ठ्या. एक कोरी. बाकी सगळ्यांनी तेलवाल्याला पकडून दिलं. कोणी बांधून, कोणी दुकान जाळून. माझ्या कागदाबद्दल एका ओळीचाही उल्लेख नाही. भगवान शाबासकी देत नव्हता, सावध करत होता. आणि मी त्याला चहा पाजला.

नीताताईंना फोन केला. वर्ग बंद. त्या नको नको म्हणत होत्या. मी ठेवून दिला.

तालीची चिठ्ठी समोर आहे. अक्षर ओळखीचं, मीच गिरवून घेतलेलं –

'मी तेलवाल्याला शिपायाकडे दिलं असतं. त्याचं नाक आज्जीसारखं आहे. पण आज्जी चांगली आहे. तिला मी माळ्यावर लपवीन आणि कोणाला सांगणार नाही.'