गुळाला कसं कळलं

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिरूर अनंतपाळ
ता. १२ मार्च १९८५

तुमच्या पायाशी शिवकांताचा शरणार्थ. अव्वा आणि मी खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे? देगलूरच्या वैद्याच्या तेलानं गुण आला का? थोरल्या भाऊजींना आणि अक्कांना माझा नमस्कार सांगा.

उत्तर लिहाल तेव्हा पत्त्यावर जिल्हा लातूर असं ठळक लिहा. तुमच्या हाताला अजून उस्मानाबादच येतं. पोस्टमन म्हणतो, नवा जिल्हा झाला तरी निम्मं गाव अजून जुन्याच जिल्ह्यात राहतंय.

आपल्या आडानं तळ दाखवला. टँकर येतो तेव्हा अव्वा घागरींच्या रांगेत माझा नंबर धरून बसतात आणि पाण्याबरोबर गावभरच्या बातम्या घेऊन येतात. तुमच्या आईचं वय झालंय असं आता कुणी म्हणू नये. तलावातला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम जोरात चालू आहे. सकाळी बाया टोपली घेऊन जातात, संध्याकाळी मातीत बुडून परत येतात आणि आधी दुकानावर येतात.

हो, येतात. परत यायला लागल्या.

तुम्ही होता तेव्हाचे ते दिवस आठवतात का? कामावरची मजुरी वाढल्याची बातमी सकाळी आली आणि तुम्ही दुपारी तेल, साखर, गूळ सगळ्याचे भाव वर नेले. मी म्हणाले, माल तर जुन्याच भावाचा आहे. तुम्ही म्हणालात, "मजुरी वाढली की महागाई येतेच. तुला काय कळतं त्यातलं?" त्याच संध्याकाळी केवळाबाई गूळ घ्यायला आली. भाव ऐकून पायरीवरच थांबली. "आप्पा, वाढीव पैसा अजून आमच्या हातात न्हाई पडला. त्याच्या आदी तुमच्या गुळाला कसं कळलं?" सगळ्या बाया हसल्या. तुम्ही नाही हसलात. मला मात्र आत पदर तोंडात धरावा लागला, हे आज सांगते.

मग त्यांनी एकीनं नळेगावच्या बाजारातून सामान आणायला सुरुवात केली आणि आपल्या दुकानात माशा सोडून कुणी येईना. त्यातच आपल्या हमालानं, मारोतीनं, पोती उचलायची मजुरी वाढवून मागितली. तलावावर मिळतं तेवढं द्या, एवढंच म्हणाला बिचारा. तुम्ही म्हणालात, जा मग तलावावर. तो गेला. दुसऱ्या दिवशी साखरेचं पोतं तुम्ही स्वतः उचललं, आणि पुढचं तुमच्या कमरेला माहीत.

कमरेच्या औषधाला म्हणून देगलूरला भावाकडं निघालात, तेव्हा गाडीत बसताना तुम्ही मला बजावलंत, "मी येईपर्यंत एक पैसा भाव उतरला, तर दुकानाला कुलूप लाव." मी मान हलवली होती. ती हो म्हणून नव्हती हलवली. तुमची गाडी सुटत होती, म्हणून हलवली.

भाव मी उतरवले. आता रागवा. मारोतीलाही परत बोलावलं, तलावावर मिळते त्याच मजुरीवर. पहिल्या संध्याकाळी गल्ल्यावर बसले तेव्हा एकच माप दोनदा तोलून बघितलं. वाटलं, हे बुडालं तर तुमच्यापुढं कोणत्या तोंडानं उभी राहू?

मारोतीची वाढीव मजुरी कुठून तरी काढायचीच होती. ते तुमचं खरं होतं, फुकट काहीच होत नाही. मी ती साऱ्या मालावर पसरून बघितली, तर जेमतेम चहाच्या पुडीला दहा पैसे आणि साबणाला थोडं, एवढ्यात भागलं. लपवलं नाही. पाटीवर लिहिलं आणि बायांना तोंडानंही सांगितलं, की हे मारोतीच्या मजुरीचे. आता भांडण होणार म्हणून मी तयारीतच होते. केवळाबाई म्हणाली, "शिवकांताकाकू, त्याच्या लेकरांच्या तोंडात जातेत ना? मग जाऊ द्या." आणि चिमूटभर मागायची ती बाई अख्खी पुडी घेऊन गेली. पारूबाईनं खोबरेल नेलं. सरजाबाईनं अंगाचा साबण नेला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "वास लई ग्वाड हाय, नवरा घरातून हालंना!" सांगायचं म्हणजे, ज्यांच्या मजुरीनं आपण बुडणार म्हणून तुम्ही घाबरलात, ती मजुरी रोज संध्याकाळी आपल्याच पायऱ्या चढते.

ज्वारी महागच आहे. पण ती केवळाबाईच्या मजुरीनं नाही महागली, आभाळानं महागली. तेही पाटीवर लिहावं म्हणते, पण आभाळ कुठं वाचतंय!

पाडव्याच्या गाठ्या मागवल्यात. गेल्या साली दुष्काळात कोण घेतं म्हणून आपण आणल्या नव्हत्या. यंदा बाया आधीच सांगून ठेवून गेल्या.

आता एक गोष्ट. लिहू की नको, असं करत इथपर्यंत आले. देगलूरच्या गाडीचे कंडक्टर किशनराव परवा सुपारी घ्यायला थांबले होते. मी तुमच्या कमरेचं विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, कसली कंबर? भावाच्या दुकानापुढं मिरचीचं पोतं खांद्यावर टाकून शीळ घालत चालले होते की!"

अव्वा आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "लिही त्याला. म्हणावं, रुसून जायला बायकांना माहेर असतं. तुला न्हाई. गुमान घरी ये." त्या म्हणाल्या तसंच लिहिलं, माझं एक अक्षर त्यात नाही.

माझं एवढंच आहे. मला वाईट वाटलं. पोतं उचलल्याचं नाही. इतके दिवस कंबर बरी असून तुम्हाला घराकडं यावंसं वाटलं नाही, त्याचं. आणि खरं सांगते, त्याच रात्री मनात दुसरंही आलं: तुम्ही आलात की मला पुन्हा आत चुलीपाशी जावं लागेल. तुम्ही यावं असंही वाटतं आणि हे गल्ल्यावरचं बसणं जाऊ नये असंही वाटतं. दिवसभर माणसं येतात, बोलतात, हुज्जत घालतात, हसतात, मला नावानं हाक मारतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, या गावाला माझं नाव शिवकांता आहे हे आत्ता कळलं. मला इथं बसायला आवडतं हो. फार आवडतं.

भाव पुन्हा वर गेले तर बाया नळेगावला जातील, हे तुम्हालाही कळतं. तुमचा राग भावाचा नव्हताच, केवळाबाईच्या बोलण्यावर सगळ्या हसल्या त्याचा होता. ती रोज विचारते, "आप्पा कवा येणार?" तुमच्याशी हुज्जत घातल्याशिवाय तिला गूळ गोड लागत नाही म्हणे. मलाही जेवण लागत नाही. पण हे तिला सांगितलं नाही.

पाडव्याला या. दुकानाला गर्दी असेल, एकटीनं निभणार नाही. गादीवर दोघांना पुरेल एवढी जागा आहे, मी बसून बघितलंय. तुम्ही आलात की सरकून घेईन. उठणार मात्र नाही.

वाट बघत असलेली, आणि गल्ल्यावर बसलेली,
तुमची
शिवकांता