बँक्वेटची जागा

२९ सप्टेंबर १९९१, रविवार
घेतलं! ट्रायलवर, पण घेतलं. आकाशवाणी चौकाच्या पुढे हायवेवर जे नवं हॉटेल झालंय — तापीराज — तिथे. मालक लीलाधर शेठ म्हणाले, "हॉटेल मॅनेजमेंटची डिप्लोमावाली मुलगी अख्ख्या जळगावात कोणाकडे नाही. तीन महिने बघतो. बँक्वेट मॅनेजरची जागा रिकामी आहे. जमलं तर तुझी."

बँक्वेट म्हणजे वरचा हॉल आणि मागचं लॉन. साखरपुडे, लग्नं, रोटरीची जेवणं. सगळं माझं!

पप्पा जिल्हा परिषदेत आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीला तारीख लागते. "एकतीस डिसेंबर. तोपर्यंत नोकरीची पक्की ऑर्डर आली तर कर तुझं हॉटेल. नाहीतर दोन जानेवारीपासून तुझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेत टीचर. सिस्टरशी बोलणं झालंय." मग मम्मीकडे वळून — "तीन वर्षं मुंबईत शिकवली ती काय लोकांना चहा द्यायला?"

मम्मी भाजी निवडत होती. "चहा मी बावीस वर्षं देतेय. मला तर कोणी डिप्लोमा पण नाही दिला."

पप्पा पेपर वाचायला लागले.

१ ऑक्टोबर, मंगळवार
पहिला दिवस. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मग पप्पा स्कूटरवर घ्यायला येणार, आत येणार नाहीत. गेटवरच थांबले.

स्टाफ बारा जण. मी एकटी मुलगी. सगळे "मॅडम" म्हणतात, फक्त हेड वेटर "ताई". त्यांचं नाव भटूभाऊ. पिंपळनेरकडचे. सत्तेचाळीस वर्षांचे, बारीक, पांढरे केस चापून बसवलेले. माझ्याशी मराठीत बोलतात, घाई झाली की अहिराणी सुरू.

मी त्यांना प्लेट उजवीकडून की डावीकडून ठेवायची ते समजावलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक भिंतीला टेकून बसला असेल तर?"

कॉलेजमध्ये कोणी भिंतीला टेकून बसतच नव्हतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
आज नुसती भटूभाऊंना बघत होते. दुपारी एकदम सहा टेबलं भरली. त्यांनी आधी चार नंबरला पाणी दिलं, जे सगळ्यात शेवटी आले होते. का, विचारलं.

"चपला देखा ना त्यांच्या. धूळ किती शे. लांबून आलेत. बाकीचे बजारातून आलेत, ते थांबतील."

चपला! तीन वर्षांत एकाही सरांनी गिऱ्हाइकाच्या पायाकडे बघा असं सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
रिकाम्या वेळात भटूभाऊंना त्यांचं सगळं विचारलं. चौदाव्या वर्षी चाळीसगाव स्टेशनवर चहाचा स्टॉल. गाडी तीन मिनिटं थांबणार, तेवढ्यात तीस कप द्यायचे नि कप परत पण घ्यायचे. मग धुळ्याला बसस्टँडजवळच्या खानावळीत पंधरा वर्षं. मग नाशिकला एका कारखान्याची कँटीन. मग इथे.

आमच्या कॉलेजच्या भिंतीवर एक चार्ट होता — ट्रेनी, सुपरवायझर, असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर — शिडीसारखा. भटूभाऊंची शिडी आडवी आहे. गावं बदलली, पायरी तीच. पण एका टेबलाची ऑर्डर घेताना त्यांचं लक्ष दुसऱ्या तीन टेबलांवर असतं. हे कुठल्या चार्टवर दाखवणार?

२४ ऑक्टोबर, गुरुवार
आज आग्रह शिकले. हा एक विषयच आहे, पेपर ठेवायला पाहिजे.

पाहुणा पहिल्यांदा "बस" म्हणतो ते रीत म्हणून. वाढायचं. दुसऱ्यांदा म्हणतो तेव्हा तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचं. हात ताटावर आडवा आणि बोटं मिटलेली — थांबायचं. बोटं उघडी — अजून एक पुरी जाते. "बोटं खोटं बोलत नाहीत, ताई."

घरी येऊन पप्पांवर प्रयोग केला. "बस" म्हणाले, बोटं उघडी! वाढली. खाल्ली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
दिवाळीच्या सुट्टीनंतर आज टपाल. बॅचमधल्या तिघांची पत्रं एकदम. एक मुंबईत फाइव्ह-स्टारच्या फ्रंट ऑफिसला — दिवसभर उभी, पाय सुजतात, पण लॉबीत झुंबर आहे म्हणे. एक जहाजावर हाऊसकीपिंगला, चार महिन्यांत जमीन बघितली नाही, खूश आहे. तिसरा विमानांची जेवणं बनवतात तिथे, एका शिफ्टला दोन हजार ट्रे. अजून कोणी हॉस्पिटलच्या किचनमध्ये, कोणी मस्कतला. एवढ्याशा डिप्लोमाची किती दारं!

सगळ्यांनी एकच विचारलंय, तू जळगावात काय करतेस?

उत्तर अजून लिहिलं नाही. आधी ऑर्डर हातात येऊ दे.

२४ नोव्हेंबर, रविवार
मोठं काम आलं! एक डिसेंबरला साखरपुडा. मुलीकडचे जळगावचे शालिग्रामभाऊ, केळीचे व्यापारी. मुलाकडचे धुळ्याचे, दीडशे माणसं येणार. शेठ त्या दिवशी सुरतला, पुतण्याच्या लग्नात. मला म्हणाले, "सगळं तू बघ. हीच तुझी परीक्षा समज."

मी ठरवलंय — बफे. लॉनवर. पांढरे टेबलक्लॉथ, सॅलडचा मोर, खाली बर्नर लावलेली गरम भांडी. शालिग्रामभाऊंना चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, "मुंबईसारखं?" मी म्हटलं, अगदी मुंबईसारखं. खूश झाले.

भटूभाऊंनी चित्र बघितलं. "व्याही उभ्याने जेवतील?"

मी म्हटलं, भाऊ, आता सगळीकडे असंच असतं. त्यांनी चित्र परत दिलं. माझी मॅनेजरी दिसली असेल त्यांना.

१ डिसेंबर, रविवार
सगळं लिहून काढते.

साडेबाराला साखरपुडा झाला. एकला जेवण. मोर सुंदर झाला होता, बायका बघायला आल्या. मी म्हटलं, "या, सुरुवात करा." आणि कोणी हललं नाही.

मुलाचे आजोबा, रुपचंद नाना, टोपी घातलेले, पहिल्या टेबलासमोर हात मागे बांधून उभे. प्लेटांच्या चळतीकडे बघत. त्यांनी प्लेट उचलली नाही म्हणून धुळ्याच्या दीडशे माणसांपैकी एकानेही उचलली नाही. मग नाना आपल्या मुलाला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "आम्हले बलायं, आन् आते आपला हाते लई ल्या? लंगर शे का हाई?"

बोलावून घेतलं आणि आता आपल्या हातानं घ्या म्हणतात, अन्नछत्र आहे का! मला तेव्हा कळलं. माझ्या दृष्टीने ती चॉइस होती. त्यांच्या दृष्टीने मुलीच्या घरचं कोणी त्यांना वाढायलाच उभं राहिलं नव्हतं. व्याह्यांना, पहिल्या जेवणाला!

शालिग्रामभाऊंचा चेहरा पांढरा. मागून एक काका म्हणाले, "चला, हायवेवर ढाबा आहे." एक बाई पर्स घेऊन उठल्यासुद्धा. मी "एक्स्क्यूज मी" म्हणाले. एवढंच सुचलं. एक्स्क्यूज मी.

भटूभाऊ माझ्या कानाशी आले. "ताई, बठ्ठा लोके नानाकडे देखी राह्यनात. मी करू?"

खरंच, सगळे नानांकडेच बघत होते. मी मान डोलावली.

त्यांनी कोणाला आवाज दिला नाही. स्टोअरमधले नवे टेबलक्लॉथ काढले, अठरा, घडी करून लांबट पट्ट्या लॉनवर अंथरल्या. चार ओळी. वेटरांच्या हातातली भांडी काढून घेतली — काढून घेतली! — आणि शालिग्रामभाऊंच्या भावांच्या हातात दिली. शालिग्रामभाऊंच्या हातात पुऱ्यांचं ताट. म्हणाले, "वाढणारा घरचा पाहिजे, भाऊ. माझी पोरं मागे भांडी भरून देतील." मग नानांसमोर जाऊन वाकले. "नाना, आमना शेठ म्हणे थोडी हवा खाऊ द्या पाव्हण्यांना, मग पंगत. बठा."

शेठ सुरतेत!

नाना बसले. नाना बसले तसे सगळे बसले. अकरा मिनिटांत, मी घड्याळ बघितलं. शालिग्रामभाऊ पुरी घेऊन वाकले, नाना "बस" म्हणाले, भटूभाऊंनी मागून डोळ्यांनी खूण केली, पुरी पडली. दुसरी पडली. तिसरीला नाना हसले. "व्याही, आते काय जीव लेतस का?" आणि लॉनभर हसू. मोर कोणी तोडला नाही, मुलं त्याच्याभोवती खेळत होती.

जाताना नाना मला म्हणाले, "पोरी, व्यवस्था भारी होती. सुरुवातीला मला वाटलं पळावं लागेल."

मी थँक्यू म्हणाले. मी थँक्यू म्हणाले, आणि भटूभाऊ चार-चार खुर्च्या उचलत होते.

३ डिसेंबर, मंगळवार
ऑर्डर मिळाली! बँक्वेट मॅनेजर, लेटरहेडवर, शेठची सही. नानांनी धुळ्याहून फोन केला होता. फेब्रुवारीतलं लग्नही इथेच, तशीच व्यवस्था पाहिजे, "त्या पोरीने केली तशी".

पप्पांनी पत्र दोनदा वाचलं. मग शेजारच्या पुष्पाकाकूंकडे सहज म्हणून घेऊन गेले. पप्पांनी माझ्या कामाबद्दल कोणाला काही सांगितल्याचं हे पहिल्यांदाच. रात्री जेवताना विचारलं, "तुमच्याकडे मॅनेजरला युनिफॉर्म असतो का?"

मी शेठना काही सांगितलं नाही. विचारलंच नाही त्यांनी.

५ डिसेंबर, गुरुवार
टेबलक्लॉथ धोब्याकडून परत आले. हळदीचे डाग गेले नाहीत. अठराही वाया. शेठ सगळ्यांसमोर भटूभाऊंना बोलले — नवा माल जमिनीवर टाकतो, अक्कल आहे का, खानावळ समजलास? सोमवारपासून मागे, भांड्यांवर.

भटूभाऊ "हो शेठ" म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिथेच होते. गप्प होते.

६ डिसेंबर, शुक्रवार
सांगितलं. सगळं. बफे माझा, चूक माझी. पंगत भटूभाऊंची, माणसं वाढायला उभी केली ती त्यांनी, तुमचं नाव घेतलं तेही त्यांनी. नाना फोनवर ज्याचं कौतुक करत होते तो माणूस सोमवारी कढया घासणार आहे.

शेठनी पेपरवेट फिरवला. "आणि हे मंगळवारी का नाही सांगितलं?"

"ऑर्डर पाहिजे होती."

"हां. खरं बोललीस." मग हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी फाडलं नाही, घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं. "मॅडम, राग मानू नका. फेब्रुवारीत धुळ्याची चारशे माणसं येणार. मला ते करणारा पाहिजे. दोन मॅनेजरांचे पगार मला परवडत नाहीत. अठ्ठावीस तारखेपर्यंत या."

८ डिसेंबर, रविवार
पप्पांना सांगितलं. ओरडले नाहीत. "पत्र परत का दिलंस, तोंडाने सांगायचं होतं नुसतं," म्हणाले. मग, "पुष्पाताईंना काय सांगू आता?"

मम्मी म्हणाली, "सांगा, पोरगी दुसऱ्याच्या कष्टाचं खात नाही."

१० डिसेंबर, मंगळवार
भटूभाऊ आता बँक्वेट मॅनेजर. शेठनी स्वतःचा जुना कोट दिलाय, खांद्यांत मोठा. त्यांनी पहिलं काम काय केलं तर वेटरांना आधी जेवायला बसवलं. "उपाशी माणूस आग्रह काय करी?" मला फार छान वाटलं, आणि लगेच रडू पण आलं. दोन्ही एकदम येऊ शकतं हे माहीत नव्हतं.

त्यांच्याशी बोलायचं टाळते. ते पण.

२८ डिसेंबर, शनिवार
शेवटचा दिवस. सगळ्यांनी मिळून पेढे आणले. भटूभाऊ हॉलमध्ये ऑर्डर घेत होते, भेट झाली नाही.

२९ डिसेंबर, रविवार
शाळेचा फॉर्म भरला. अनुभव या रकान्यात काय लिहू कळेना. रेघ मारली. पप्पा उद्या सिस्टरना नेऊन देणार. तिसरीचा वर्ग आहे, चाळीस मुलं. वाईट नाही. खरंच वाईट नाही.

३० डिसेंबर, सोमवार
सकाळी सातला दार वाजलं. भटूभाऊ, कोट घालून. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पप्पांना म्हणाले, "साहेब, शेठनी मला एक हाताखालचा माणूस घ्यायला सांगितलंय. मॅनेजर नाही, ट्रेनी. पगार वेटरचा. मला कागद लिहिता येत नाहीत, ताईंना येतात. त्यांना जे येत नाही ते मी शिकवतो. पोरगी मागायला घरी यायची रीत आहे, म्हणून आलो."

पप्पांच्या एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली. फॉर्म टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"ड्युटी दहाचीच ना? मग आंघोळ कर. उशीर झालेला चालणार नाही यांना."