कपाटामागची भिंत

१४ ऑगस्ट

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि.

त्या सकाळी मी पाणी भरलं, ह्यांचा डबा बांधला आणि वाचनालयाच्या अंगणात वाळू चाळायला बसले. एकतीस वर्षं झाली त्याला. हे शिडीवर, मी खाली. घमेलं मी द्यायचं, गिलावा ह्यांनी मारायचा. दुपारी ते मोठं काचेचं कपाट आडवं आलं. पुस्तकांसकट ते आम्हा दोघांच्यानं हलणारं नव्हतं. हे म्हणाले, कपाटामागे कोण बघायला येतंय, पुढच्या आठवड्यात माणसं आणून सरकवू. तो आठवडा काही आला नाही. कडेपर्यंत गिलावा झाला, मागची जुनी भिंत तशीच राहिली. कुठे बोलू नकोस म्हणाले, मी बोलले नाही. तुमच्याजवळसुद्धा.

आज का सांगते, ते ऐका. जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेनं ह्या वर्षी आमचं वाचनालय निवडलंय, हे मागे लिहिलं होतंच. त्यांच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी सहा मुलंमुली फेब्रुवारीपासून फीत घेऊन इमारत मोजताहेत. दर रविवारी संस्थेच्या वास्तुविशारद बाई गावातल्या लोकांना इमारत फिरवून दाखवतात. वीस वर्षं ज्यांनी उंबरा ओलांडला नाही, तेही येऊन खिडक्यांचं कौतुक करतात. मला हसू येतं. त्या खिडक्या रोज मीच पुसते.

पण नगरपालिकेच्या इंजिनिअरांनी लिहून दिलंय, की मागची भिंत मुळातच कच्ची आहे, ओल छातीपर्यंत चढली आहे, तेव्हा इमारत पाडावी. डिसेंबरात सुनावणी आहे. बाई म्हणतात, भिंत चुन्याची आहे, वरून सिमेंट थापल्यामुळे आतली ओल आतच कोंडली. घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालून बसवावं, तसं. पण सिद्ध कसं करणार? सिमेंट न लागलेली एक हातभर जागा मिळाली असती तर दाखवता आलं असतं, म्हणाल्या. मुलांनी सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या. कपाट मात्र त्यांनी नकाशात काढलं आणि त्यामागची भिंत अंदाजानं रंगवली.

मी चहाचे कप उचलून आत गेले. तुम्हाला विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, म्हणून हे पत्र. उत्तर लवकर द्या. रागावून का होईना, पण द्या.

तुमची,
वहिनी

*

२९ ऑगस्ट

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रागावूनच देते आहे. तू लिहायला वाचायला शिकलीस याचा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. त्याचा उपयोग तू असा करशील असं वाटलं नव्हतं.

माझी मुलं लहान असताना मी त्यांना त्या भिंतीसमोर उभं केलं होतं, आठवतं? हा तुमच्या मामाचा हात, म्हटलं होतं, बघा, आरशासारखा गिलावा. गावात गवंडी पुष्कळ झाले, पण दादाच्या कामावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. आता चारचौघांत तू सांगणार, की त्यानं अर्धं काम सोडलं आणि उरलेल्या अर्ध्यानं भिंत नासवली? तो बिचारा उत्तर द्यायला येणार आहे का?

वहिनी, अशी वाचनालयं छप्पन्न आहेत. पुस्तकं दुसरीकडे नेता येतात. माझा भाऊ एकच होता. कपाट आहे तिथे राहू दे.

यजमानांचा गुडघा बरा आहे, तक्रारी तेवढ्याच आहेत. माझा राग कायम आहे, तरी तुझा जीव माझ्यावर असू दे.

तुझी,
नणंद

*

२० सप्टेंबर

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तुमचं चुकलं असं म्हणवत नाही.

हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. रोज सकाळी दार उघडलं की मी आधी त्या भिंतीवरून हात फिरवते, मग केरसुणी घेते. ह्यांचा फोटो घरात आहे, पण हात तिथेच आहे. तो गिलावा उतरला तर माझ्याजवळ काय राहणार, हे मला ठाऊक नाही का?

पण दुसरंही सांगते. ह्याच खोलीत मी वाचायला शिकले. आधी पुसता पुसता पुस्तकांवरची नावं, मग आतलं. पहिलं अख्खं पान वाचलं तेव्हा हे त्या खिडकीत बसून ऐकत होते. अडखळले की खोकायचे, हसू लपवायला. इमारत पडली तर तो गिलावाही राडारोड्यातच जाणार, वन्सं. भिंत राहिली तर निदान त्यांनी जिला हात लावला ती तरी राहील.

ह्यांनी मुद्दाम काही केलं नाही. तेव्हा सगळेच सिमेंट मागत होते, पक्कं म्हणून. चूक झाली. त्या चुकीचं घमेलं मी डोक्यावरून वाहिलं, तेव्हा ती निम्मी माझी. मी सांगणार आहे. तुम्ही अबोला धरलात तरी पत्र मी पाठवतच राहीन, पोस्टमन तुमच्या ओळखीचा आहे, परत पाठवायचा नाही.

तुमची,
वहिनी

*

८ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दीड महिना उत्तर दिलं नाही. तुझी तीन पत्रं उशीखाली आहेत.

काल माळ्यावरून दादाची पिशवी काढली. तो गेल्यावर मी हट्टानं आणली होती, तू काही बोलली नव्हतीस. त्यातला हातोडा पार्सलनं पाठवते आहे. दांडा बदलू नकोस. गिलावा काढायचाच असेल तर परक्याच्या हत्यारानं नको.

अजून माझं मन तयार नाही. तरी बोलताना आवाज खाली ठेवू नकोस.

तुझी,
नणंद

*

१९ डिसेंबर

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि.

हातोडा मागेच पोचला. तेव्हा रडून घेतलं, लिहायला आज बसले.

पंधरा दिवसांपूर्वी बाईंना सांगितलं. त्यांनी तिथूनच मुलांना हाका मारल्या. पुस्तकं उतरवली, आठजणांनी कपाट सरकवलं. मागची भिंत कोरडी ठणठणीत. हात लावला तर बोटाला नुसती चुन्याची पांढरी भुकटी. आणि एक गंमत बघा. जिथे ह्यांनी काम सोडलं, तिथली गिलाव्याची कड थापीनं सरळ, नीट बंद केलेली. कुणी बघणार नव्हतं तरी. कामचुकारपणासुद्धा नेटका केलेला! बाईंनी मुलांना ती कड मुद्दाम दाखवली.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. रविवारी इमारत बघायला येणारे लोक झाडून आले होते. इंजिनिअरांनी विचारलं, हा गिलावा कुणी, कधी, कशाचा केला, याला साक्षीदार कोण? मी उठले. गिलावा माझ्या नवऱ्यानं केला, माल मी कालवला, कपाटामागे आम्ही काम सोडलं, हे सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवला नाही. मागून कुणी हसलं. इंजिनिअर हसले नाहीत. त्यांनी स्वतः वाचनालयात जाऊन भिंतीला दोन्हीकडे हात लावून पाहिला.

इमारत वाचली असं अजून म्हणू नये. एक वर्ष मिळालंय. गिलावा उतरवायचा, भिंत वाळू द्यायची आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तपासायचं. ती मुलं इथेच चुन्याचं काम शिकणार आहेत. माल कालवायला कुणी दाखवणारं हवं होतं, तेही मीच करणार आहे.

बाई म्हणाल्या, काम सुरू होईल त्या दिवशी मी घरी थांबले तरी चालेल. मी नाही म्हटलं. राग उरला असेल तर घेऊन या, पण भिंत बघायला या.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, भिंतीवरून हात फिरवला आणि तुम्ही पाठवलेल्या हातोड्यानं पहिला घाव मी घातला.

तुमची,
वहिनी